टॅग नसताना दरीत

अमेरिकेत, रेडमंडला आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण मनात ते काकाच आहेत. एका जानेवारीत, पाऊस चालू असताना, ते आमच्या दारात आले. "तू सॉफ्टवेअरवाला आहेस. माझं एक गणित बघशील?"

स्वयंपाकघरात चहा घेत त्यांनी जे सांगितलं, ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यांचा जन्म वायोमिंग राज्यातल्या एका दरीतला. तिथे एल्क असतात, आपल्या सांबरापेक्षा कितीतरी थोराड हरणं. शिकार करायची तर टॅग लागतो, म्हणजे एका जनावराचा परवाना. तिथे राहणाऱ्यांना तो मिळायची शक्यता बरी असते. बाहेरच्यांसाठी मोजके टॅग असतात आणि ते सोडतीने देतात. नंबर लागला नाही की पुढच्या सोडतीसाठी एक पॉइंट साठवता येतो, आणि बहुतेक टॅग जास्त पॉइंट असणाऱ्यांना आधी देतात. नोकरीसाठी इथे वॉशिंग्टन राज्यात आले तेव्हाच काका आपल्या गावी बाहेरचे झाले होते.

"माझा भाऊ तिथेच आहे," ते म्हणाले. "दर शरदात फोन करतो. काय पाहुणे, यंदा येताय का?"

मी हसलो, कारण हे मला चांगलंच ओळखीचं होतं. विदर्भातल्या तालुक्याच्या गावातून मी पुण्याला इंजिनीअरिंगला गेलो, तेव्हा तिथल्या 'होम युनिव्हर्सिटी'च्या मुलांच्या जागा वेगळ्या होत्या आणि आमच्यासारख्यांच्या वेगळ्या, थोड्या. त्या थोड्यांतली एक मला मिळाली, म्हणून आमच्या घरात पहिली पदवी आली. मी हे सांगितल्यावर काकांनी इतक्या उत्सुकतेने प्रश्न विचारले, की चहा निवून गेला.

गणित असं होतं. काकांकडे वर्षानुवर्षांचे पॉइंट होते. एकट्याने अर्ज केला तर नंबर लागल्यातच जमा. पण त्यांची मुलगी, स्पोकॅनला नर्स असलेली, यंदा पहिल्यांदाच म्हणाली होती, "डॅड, मलाही शिकव." दोघांनी मिळून अर्ज केला की दोघांच्या पॉइंटची सरासरी धरतात. तिचे शून्य. आणि काकांचा उजवा गुडघा झिजला होता. पुढच्या हिवाळ्यात तो बदलायचं ठरलं होतं. त्यानंतर तो डोंगर चढता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगत नव्हते.

मी मेरिट लिस्टवर वाढलेला माणूस. हातचा नंबर सोडायचा नसतो, हे माझ्या हाडात भिनलेलं. "एकट्याने भरा," मी म्हणालो. "मुलगी सोबत येईलच की."

"येऊन काय करेल? माझा डबा धरून बसेल?"

त्यांनी दोघांचा अर्ज भरला.

बायको मला म्हणाली, "तुझं गणित ऐकायचं नव्हतं, तर विचारलं कशाला?" मलाही तेच कोडं होतं.

दर शनिवारी मुलगी यायची आणि दोघं पाठीवर वजन घेऊन जवळच्या टेकडीवर चढायची. काकांच्या सॅकमध्ये वाळू होती. मुलीसाठी मी आमची बासमतीची गोणी दिली. "तांदूळ तेवढा परत आणा," बायकोने दारातून ओरडून सांगितलं, "उद्या लोक जेवायला आहेत!" मीही मागोमाग जाऊ लागलो.

एकदा चढावर थांबल्यावर मी विचारलं, "पण टॅगशिवाय त्या दरीत जायला बंदी आहे का?"

"नाही."

"मग नुसतं जाता येत नाही?"

काका जरा चिडलेच. "नुसता बघायला गेलेला माणूस फोटो काढून जेवणाच्या आत परत येतो. शिकारी अंधारात जाऊन बसतो. गारठतो, कंटाळतो, पण हलत नाही. तेव्हा कुठे दरी आपल्याला विसरते आणि तिचं तिचं काम सुरू करते. मला हिला ते दाखवायचंय."

"मग तसंच बसा ना," मी म्हणालो. मला खरोखरच कळत नव्हतं. मुलगी तांदळाची गोणी सावरत हसली. काका पुढे निघाले.

मे महिन्यात सोडत निघाली. काकांनी कुंपणापाशी येऊन फोन माझ्यासमोर धरला. नंबर लागला नव्हता.

"गणित बरोबर होतं तुझं," ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी मुलगी नेहमीसारखी बूट घालून हजर झाली. मी विचारलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "हे डॅडलाच विचार." काका सॅकमध्ये वाळू भरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "तूच म्हणालास ना, तसंच बसा म्हणून?"

सप्टेंबरअखेरीस दोघं बंदुकीशिवाय गेली. भावाने फोनवर पाहुण्यांची काय थट्टा केली असेल, ती काकांनी मला सांगितली नाही. एका सकाळी मुलीने फोटो पाठवला. धुकं, गवत आणि काकांच्या टोपीची मागची बाजू. जनावर कुठेच नव्हतं. मी फोटो मोठा करून कोपरा न् कोपरा शोधला. मग न राहवून लिहिलं, "एल्क दिसला का?"

उत्तर दुपारपर्यंत आलं नाही. दोघं अजून बसली होती, एवढं त्यावरून कळलं. मग तिचा मेसेज आला.

"दिसला नाही. ओरडला. अगदी जवळून. डॅडने माझा हात इतका घट्ट धरला की अजून दुखतोय."