ह्यांना शिकवलेलं माझं नाव

सोमवारी सकाळी कचेरीच्या जिन्यावरून हे पडले. इस्पितळात डॉक्टरांनी कवटीचं फुटलेलं हाड काढलं, आत साकळलेलं रक्त काढलं. हे वाचले. शब्द गेले.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — पण मान खाली घालून नाही.

ठाकूरद्वारच्या आमच्या खोलीत ह्यांना आणलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं — उजेड कमी ठेवा, गोंगाट नको, मेंदूला शीण नको. बोलणं लहान मुलासारखं पुन्हा शिकवा. आणि एका वस्तूला एकच शब्द. दोन दिलेत तर गोंधळतील. मी लिहावाचायला शिकलेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. तांब्या. खिडकी. दूध. हे दमले की थांबायचं. ह्यांचं स्वतःचं नाव तेवढं सासूबाईंनी शिकवलं — ते मी कसं उच्चारणार?

मग एका दुपारी ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

काय सांगायला हवं होतं? जानकी. लग्नात ह्यांनीच ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं नाव. त्याआधी मी वेणू होते. पाटीवर पहिलं अक्षर काढलं ते वेणूनं, शाळेत बक्षीस मिळालं ते वेणूला. नाव बदलताना मला कुणी विचारलं होतं का?

मी म्हटलं, "वेणू."

ह्यांनी ते लगेच धरलं. पूर्वी नुसतं 'अगं' म्हणत. आता आईदेखत हाका मारू लागले. सासूबाई हबकल्या. "अरे, माझ्यासमोर कुठल्या वेणूला बोलावतोस? जानकी ना ती?" माझं माहेरचं नाव त्या केव्हाच विसरल्या होत्या, आणि आठवण करून द्यायला माहेरचं कुणी मुंबईत नव्हतं. मी पोळी लाटत राहिले.

कामावर जाता येईल का, हे ठरवायला डॉक्टर आले. वार, महिना, बेरीज — ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. बायकोचं नाव? "वेणू." सासूबाईंनी कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, अजून घरीच राहू द्या. कचेरी काही थांबली नाही. ह्यांच्या जागी दुसरा माणूस आला.

तेव्हापासून हे खिडकीशी बसून पुटपुटत — जानकी, जानकी. मी समोर आले की तोंडातून वेणूच निघे, आणि हे ओशाळून खिडकीकडे तोंड फिरवत. एकदा डोक्यावरच्या खळग्यावर हात ठेवून विचारलं, "तू जानकी. मग मी वेणू का म्हणतो गं?"

आणि मी — मी म्हटलं, "डोकं दुखावलंय तुमचं. होईल बरं."

ते बरं झालं होतं. पुरतं बरं झालं होतं, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. एक वाक्य पुरलं असतं. सासूबाईंची भीती होती? होती. पण खरं कारण ते नव्हे. सांगितलं असतं तर नाव पुन्हा गेलं असतं. मला ते द्यायचं नव्हतं.

उन्हाळ्यात हे तापानं गेले — आपला मेंदू कायमचा बिघडला असं समजत. तसं मी समजू दिलं.

वेणू म्हणून सांगितल्याचा मला पस्तावा नाही. आजही तेच सांगेन. 'डोकं दुखावलंय' म्हटलं, ते खोटं मात्र माझं आहे. ते मी कुणाच्या माथी मारत नाही.

आता खोलीत सासूबाई आणि मी. त्या जानकी म्हणून हाक मारतात. मी ओ देते.