सर्पगंधेची पहिली काढणी

शनिवार, २१ डिसेंबर २०२४. सकाळी साडेसात वाजता सर्पगंधेची काढणी सुरू झाली.

चाकणजवळचा हा तुकडा पत्नीला तिच्या वडिलांकडून मिळाला. तीन बाजूंना कारखाने. पश्चिमेकडील भिंतीमुळे दुपारनंतर सावली पडते. इतर पिकांना ती सोसत नाही. या गुडघाभर झुडपाला मानवते, हे पत्नीने हेरले. त्याच्या मुळांपासून रक्तदाबावरचे औषध बनते. मुळे भरण्यास तीन पावसाळे द्यावे लागतात. ते तिने दिले. मी कंपनीतून निवृत्त झालेलो. पाणी सोडणे आणि सांगितलेले करणे, एवढेच माझे काम.

मुलाला ती जागा कंटेनर उभे करण्यासाठी भाड्याने द्यायची होती. अखेर ठरले ते असे: औषध कारखान्याने माल नाकारला तर जागा गाड्यांना. कारखान्याच्या तपासनीस बाई दुपारी तळेगाव दाभाड्याहून यायच्या होत्या.

जमीन आदल्या दिवशी भिजवून ठेवली होती. मी खोदत होतो, पत्नी मुळे उपसून माती झटकत होती. कंपनीच्या टूलरूममधला माझा जुना सोबती कासारवाडीहून मदतीला आला होता. त्याला धुण्यास बसवले. काही वेळाने पत्नी त्याच्याजवळ गेली आणि थबकली. त्याने टोपलीभर मुळे तारेच्या ब्रशने घासून पांढरीशुभ्र केली होती.

“भावजी, हे काय केलंत?”

“फिनिशिंग, वहिनी. तसला माल पुढं पाठवायचा म्हणजे लाज वाटंल.”

“अवो, औषद सालीत असतंय! सगळी साल पाण्यात घालवली तुमी. पिस्टन हाय का ह्यो?”

सोबती खजील झाला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, “राव, तळाला दडपू. वर चांगली टाकू. कोण उपसून बघतंय?”

“मी बघितलंय न्हवं,” पत्नी म्हणाली, आणि ती टोपली तिने वेगळी ठेवली.

बाई आल्या. त्या खुर्चीवर टेकण्यापूर्वीच पत्नीने ती टोपली पुढे केली. “ही आमच्याकडनं बिघडली. मालात धरू नका.”

त्यामुळे बाईंचा संशय वाढला असावा. उरलेल्या सर्व टोपल्या त्यांनी ताडपत्रीवर पालथ्या केल्या. चार-पाच मुळे मोडून पाहिली. सालीचा एक कपचा जिभेवर ठेवला, तोंड वाकडे केले आणि तो थुंकून टाकला. पत्नी पदराला हात पुसत उभी होती. हात कोरडे होते.

“साल शाबूत आहे. कडूपणाही हवा तसा आहे. सुकवून द्या, घेते.”

कंपनीत बिघडलेला नग कारागिराने स्वतः लाल खोक्यात टाकावा, असा नियम होता. तो पाळणारे मला थोडे भेटले. सगळेच पणाला लागलेले असताना, तपासनिसाच्या तोंडावर तो पाळणारा एकही भेटला नव्हता. हे मी पत्नीला बोललो नाही. येथे लिहितो.

सायंकाळी मुलाचा फोन आला. “गाड्या दुसरीकडं लावा म्हणावं त्यांना,” एवढे बोलून पत्नीने तो ठेवला.

सोबत्याला बसथांब्यावर सोडून मी परतलो. शेडमध्ये जाळीवर मुळे एकेरी पसरली आणि खालून वारा लागावा म्हणून जाळीच्या चारही कोपऱ्यांखाली विटा ठेवल्या.