पाइपातली पेरभर हवा

बायांनो, आज सकाळी मी आमच्या मिस्त्रींना भर कामात थांबवलं. त्याचा मला जराही पस्तावा नाही.

कंधारला आमचं घर बांधून होत आलंय. फरशीची लेव्हल घ्यायला मिस्त्रींनी पाणी भरलेला पारदर्शक पाइप लावला. एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं न्हाणीत. दोन्हीकडं पाणी थांबेल तिथं खूण करायची. न्हाणीकडच्या उभ्या पाइपात मला पेरभर हवा अडकलेली दिसली.

"मिस्त्री, आधी हवा काढा. लेव्हल चुकंल."

"मॅडम, मी लई घरं बांधलो. तुमचं शाळंतलं विज्ञान इथं चालत न्हाई."

नवरा कुजबुजला, "गप बस, काम सोडून जातील."

"जाऊ देत!" मी पदर खोचला, पाइपाला टिचक्या मारून हवा काढली आणि पुन्हा खुणा करायला लावल्या. बरोब्बर पेरभर फरक! न्हाणीची फरशी उंच झाली असती आणि तिथलं सगळं पाणी माझ्या ओट्याखाली आलं असतं.

मिस्त्रींनी जुनी खूण पुसली आणि नवऱ्याला म्हणाले, "साहेब, बरं झालं तुम्ही बघितलं."

पाइप अजून माझ्याच हातात होता. "साहेबांनी न्हाई, मी बघितलं. उद्या गच्चीचा उतारही मीच बघणार हाय."

तुमच्या घरी पाइपाचं दुसरं टोक कोण धरतं?