मूग, मटकी आणि अमेरिकेचा अध्यक्ष

अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार, हे एकदा आमच्या दुबईतल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठरणार होतं.

आम्हाला मत ना तिथे, ना इथे! पण कंपनीनं मला ह्यूस्टनची बदली देऊ केली होती आणि सोमवारी उत्तर द्यायचं होतं. निवडणूक पुढच्या महिन्यात. निळ्या पक्षाचा आला तर व्हिसा सोपा, लाल पक्षाचा आला तर कटकट, असं माझं गणित. (ऑफिसात मी रिस्क अनॅलिसिस करतो. त्याचं पुस्तकी वेड घरीही.)

तेव्हा साताऱ्याहून आई आली होती. तिच्यादेखत शनिवारी दुपारी मी दोन डबे मांडले. निळ्या झाकणाच्या डब्यात मूग, लाल झाकणाच्या डब्यात मटकी. उमेदवाराची एक जमेची बाजू सांगायची आणि त्याच्या डब्यात एक मूठ टाकायची. शेवटी वजन करायचं. निळा जड झाला तर ह्यूस्टन, लाल झाला तर इथेच!

"निळ्याची बायको हसरी आहे," सौ. म्हणाली. एक मूठ मूग.

"हा काय मुद्दा झाला?" शेजारचे कुलकर्णी तापले. "लालवाला आला की पेट्रोल स्वस्त! टाका दोन मुठी!"

"काका, दॅट्स चीटिंग!" आमचा अर्णव ओरडला.

"गप रे! यल्ला, चला, टाका!"

तासाभरात घरातलं सगळं कडधान्य राजकारणात उतरलं. आई कोपऱ्यात डोळे पुसत कांदा चिरत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. मी तर नाहीच.

डबे काट्यावर ठेवायला गेलो, तर काट्याचा सेल संपलेला! "खलास! निकाल उद्या," मी जाहीर केलं.

रविवारी सकाळी सेल घेऊन आलो. (बारा दिरहॅम, म्हणजे पावणेतीनशे रुपये! सौ.नं दारातच हिशेब ऐकवला.) ओट्यावर पाहतो तर दोन्ही डबे धुऊन पालथे घातलेले, आणि शेजारी मोठ्या पातेल्यात मूग-मटकी एकत्र भिजून टम्म फुगलेली!

"आई! हे काय केलंस?"

"उघडं पडलं होतं रे. म्हटलं, उसळ करावी."

मी हार मानली नाही. चष्मा लावला, दोन ताटल्या घेतल्या आणि एकेक दाणा निवडायला बसलो. मूग इकडे, मटकी तिकडे. कुलकर्णी निरीक्षक म्हणून आले आणि माझ्या निवडलेल्या मुगातून मटकी काढून दाखवू लागले.

"डॅड, धिस इज सो एम्बॅरसिंग," अर्णव म्हणाला.

"अहो, पाणी प्यायलेत ते दाणे," सौ. म्हणाली. "आता कसलं वजन करताय?"

मी आईकडे वळलो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी कांदा नव्हता.

"इथे तीन तासांत येते मी," ती म्हणाली. "तिकडे सबंध दिवस विमानात बसायचं. आता होत नाही रे मला. एवढ्या लांब नका जाऊ."

दुपारी सगळ्यांनी उसळ खाल्ली. कुलकर्णींनी तीनदा घेतली. सोमवारी मी कंपनीला 'नाही' असं कळवलं.

पुढे तिकडे कोणीतरी निवडून आला, आणि आमची आई दर हिवाळ्यात इथे येत राहिली. आता तिचे गुडघे साताऱ्याच्या बाहेर पडू देत नाहीत. परवा फोनवर सहज विचारलं, "आई, त्या दिवशी कुठला डबा जड होता गं?"

"निळा. चांगला मूठभर जड."

"तुला काय माहीत? काटा तर बंद होता!"

"चाळीस वर्षं डबे भरतेय. हाताला कळतं. म्हणून तर भिजवलं!"

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कुठे?"

आणि रिस्क ओळखायचा पगार मी घेतो!