गोठ्यात ठेवा, असं मीच लिहिलं होतं

तिसरं इंजेक्शन भरताना मी पहिल्यांदाच डोस दोनदा मोजून पाहिला.

मैना दवाखान्यासमोरच्या खोड्यात उभी होती. खोडा म्हणजे जनावर हलू नये म्हणून बसवलेली लोखंडी पाइपांची चौकट. घोडीच्या नाकपुड्या फुगल्या होत्या, मान पुढं ताणलेली होती. श्वास आत जात होता, पण बाहेर टाकताना पोट दोनदा आवळत होतं. एकदा श्वास सोडायला आणि पुन्हा एकदा उरलेला ढकलायला. त्या कष्टानं बरगड्यांखाली एक तिरपी रेघ पडली होती. घोड्याच्या दम्याची ही खूण आम्ही कॉलेजात पाठ करतो. महिन्यापूर्वी ती नीट बघितल्याशिवाय दिसत नव्हती. आता तिच्यात बोट बसलं असतं.

"मॅडम, कमी होऊन राहिलं का वाढून राहिलं?" भागीरथाबाईंनी विचारलं. एवढं बोलायला त्या मध्ये एकदा थांबल्या. दमा त्यांनाही होता.

"होईल कमी," मी म्हणाले आणि इंजेक्शन दिलं.

मी सेनगाव तालुक्यात पशुवैद्यकीय अधिकारी आहे. गोरेगावहून आत एका गावात माझा दवाखाना आहे, गावाचं नाव राहू द्या. माझ्याकडं गाई, म्हशी, बकऱ्या येतात. घोडी वर्षातून एखादी. त्यामुळं मैना आली तेव्हा मला जरा हुरूपच आला होता, खोटं कशाला बोलू.

भागीरथाबाई आणि त्यांचे मालक मारोतीमामा यांची मेंढरं आहेत, शंभर-सव्वाशे. पावसाळ्यात ते वस्तीवर असतात. दिवाळी झाली, रानं मोकळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. आज ह्याच्या शेतात, उद्या त्याच्या. मेंढरं रात्रभर बसली की शेताला खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो. असं करत करत थेट वारंगा फाट्याच्या पुढं जातात आणि मिरगाच्या तोंडावर परत येतात. भांडी, पाल, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं घोडीच्या पाठीवर असतं. गेल्या चार वर्षांपासून त्या सगळ्याच्या वर भागीरथाबाईही बसत होत्या, कारण दोन वावरं चाललं की त्यांचा दम भरायचा.

म्हणजे हिशेब साधा होता. मैना चालली तर भागीरथाबाई चालणार, नाहीतर घरी बसणार. वयाच्या सहाव्या वर्षापासून एकही हिवाळा त्या बाईनं घरात काढलेला नव्हता. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

तो पहिला दिवस दसऱ्याच्या आसपासचा. आमच्याकडं तेव्हा सोयाबीनची मळणी सुरू होते. मळणीयंत्राला इथं हडंबा म्हणतात. हडंबा चालला की गावावर धुळीचं मळभ येतं. त्यातच बांधाबांधावर गाजरगवत फुललेलं असतं आणि त्याचे परागकण हवेत असतात. मी परभणीत वाढले, पण ही अ‍ॅलर्जी मला इथंच जडली. त्या महिन्यात माझं नाक वाहतं, डोळे चुरचुरतात, शिंकून शिंकून बरगड्या दुखतात. उपाय मला सापडलेला होता. क्वार्टरच्या खिडक्या बंद करायच्या, दाराखाली ओलं फडकं लावायचं, गोळी घ्यायची आणि बाहेर पडायचं नाही.

मैनाला मी तेच लिहून दिलं. तो कागद मला आजही तोंडपाठ आहे. घोडीला पूर्ण आराम. चालवू नये. गोठ्यात ठेवावी. वारा आणि धूळ लागू देऊ नये. खाली कोरडं, मऊ अंथरूण करावं. भागीरथाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक ओळ मोठ्यानं वाचूनही दाखवली. काय ती माझी तत्परता!

सोबत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. हे जरा सांगायला हवं. अ‍ॅलर्जीत शरीर साध्या धुळीला दुश्मन समजतं, तिच्याशी भांडायला लागतं आणि त्या भांडणात श्वासनळ्या सुजतात. स्टेरॉइड ती सूज उतरवतं. धूळ मात्र असते तिथंच असते.

दोन दिवसांत मैना सुधारली. भागीरथाबाई मला मेंढीच्या दुधाचा खरवस घेऊन आल्या आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तालुक्याच्या मीटिंगमध्ये मी ही केस सांगितली. आमचे साहेब फाइलीतून मान वर न काढता म्हणाले, "घोडी राहू द्या. लाळ-खुरकतच्या लसीचा रिपोर्ट कुठाय तुमचा?"

"देते सर, सोमवारपर्यंत."

"वस्त्यांवर फिरत बसू नका. आधी रिपोर्ट."

मला ते सोयीचंच वाटलं. वस्तीवर जायचं म्हणजे तीन हडंब्यांच्या धुरळ्यातून जायचं. साहेबांनी नको म्हटलं हे कारण मी पुढं बरेच दिवस वापरलं. खरं कारण माझं नाक होतं.

आठवड्यानं मैना पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट. मी डोस वाढवून दुसरं इंजेक्शन दिलं आणि दरडावून विचारलं, चालवलं का हिला? न्हाई, म्हणाल्या. गोठ्यातच ठेवली? व्हय. मग आणखी जपा, मी म्हणाले. कसं जपता, हे विचारलं नाही.

दिवाळी झाली. मारोतीमामा दवाखान्यात आले आणि रुमाल हातात धरून दारातच उभे राहिले. मेंढरांना गावात आता चारा नव्हता, बाकीच्या मेंढपाळांचे वाडे निघून गेले होते. घोडीसाठी आणखी आठ दिवस थांबू का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मी म्हणाले, तुम्ही निघा. घोडी बरी झाली की बाई मागून येतील. त्यांनी बिऱ्हाड भावाच्या तट्टावर लादलं आणि ते गेले. जाताना बायकोला म्हणाले म्हणे, मॅडम म्हणल्या त्याच्या बाहेर जाऊ नको.

त्यानंतर चार दिवसांनी हे तिसरं इंजेक्शन. ह्या वेळी दोन दिवसांचासुद्धा आराम पडला नाही.

मी परभणीला आमच्या जुन्या सरांना फोन लावला. त्यांनी आम्हाला मेडिसिन शिकवलं. मी वय, लक्षणं, डोस, सगळं धडाधड सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"घोडी उभी कुठं असते?"

"गोठ्यात, सर."

"कसला गोठा? आत काय काय आहे?"

मी समोरचा केसपेपर चाळला. त्यात गोठ्याबद्दल एक ओळ नव्हती.

"तू पाहिला नाहीस?"

"नाही सर."

"मग इतके दिवस कशावर उपचार करून राहिलीस?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी तोंडाला ओढणी बांधून स्कूटीवर वस्तीवर गेले. पत्र्याचा लांबट गोठा. दोन बाजूंना भिंती. तिसऱ्या बाजूला तळापासून आढ्यापर्यंत सोयाबीनचं कुटार भरलेलं. कुटार म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, उन्हाळ्यातला जनावरांचा आधार. चौथी बाजू उघडी असायची, तिथं भागीरथाबाईंनी ताडपत्री बांधली होती आणि तिच्या फटींत गोणपाटं खोचली होती. वारा लागू नये म्हणून. खाली त्याच कुटाराचं घोट्यापर्यंत अंथरूण. कोरडं आणि मऊ. ते रोज बदलायच्या, म्हणजे रोज ताजा धुरळा उडायचा. आत अंधार, आणि पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाच्या तिरिपीत धूळ नुसती तरंगत होती. मधोमध मैना. तिच्याशेजारी बाज. रात्री घोडीला एकटं वाटू नये म्हणून भागीरथाबाई तिथंच झोपत होत्या.

मी दोन मिनिटांत शिंकायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं. धूळ बाहेर नव्हती, आत होती. माझ्या क्वार्टरमध्ये कुटार नव्हतं म्हणून दार लावून मला बरं वाटायचं. एवढी साधी गोष्ट! कुटारात नजरेला न दिसणारी बुरशी असते आणि घोड्याच्या फुप्फुसाला तीच सगळ्यात जास्त बाधते, हे मला परीक्षेत आलं होतं. मी लिहिलंही होतं बराबर.

"मॅडम, काही चुकलं का आमचं?" भागीरथाबाई घाबरून विचारत होत्या. "तुमी सांगितलं तसंच केलं. एक गोष्ट सोडली न्हाई."

खरोखरच सोडली नव्हती. मला तिथंच जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुमचं नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं."

त्यांनी ते ऐकलं, पण त्यांना ते पटलं नाही. डॉक्टर असं कसं म्हणेल, असा त्यांचा चेहरा.

मग मी त्यांना विचारलं, जे दसऱ्यालाच विचारायला हवं होतं. दरसाल मैनाला ह्या दिवसांत असं होतं का? व्हय, थोडा खोकला येतो. मग बरं कशानं होतं? त्या म्हणाल्या, "आमी निघलो की होते बरी. चार मुक्काम झाले की ती बी मोकळी अन् मी बी मोकळी."

त्यांचं औषध ते होतं. गावाबाहेर पडणं. उघडं रान, ताजं गवत, मागं राहिलेला हडंबा. वर्षानुवर्षं ते औषध दोघी घेत होत्या. मी येऊन, सही-शिक्क्यानिशी, ते बंद केलं होतं.

त्याच दुपारी आम्ही मैनाला वस्तीमागच्या माळावर नेलं. तिथं एक बाभूळ होती, तिच्याखाली बांधलं. चारा पाण्यात भिजवून द्यायचा, म्हणजे धूळ उडत नाही. भागीरथाबाईंनी आपली बाजही तिथंच आणली. पाचव्या दिवशी मैनाचा श्वास निम्म्यानं हलका झाला. बाईंचाही. गोरेगावच्या दवाखान्यातून मिळालेला दम्याचा पंप त्यांना दोन दिवसांत लागला नव्हता. त्या दिवशी त्यांनी मला मारोतीमामांचा मुक्काम कुठं आहे ते सांगितलं आणि किती दिवसांत गाठता येईल याचा अंदाज बोटांवर मोजला. मीही मोजला.

सातव्या दिवशी मैना पुढचे पाय उचलेना. खुरांना हात लावला तर गरम. खुराच्या आत हाडाला आणि नखाला जोडणारा एक थर असतो, घोड्याचं सगळं वजन त्याच्यावर असतं. तो सुजला की घोड्याला उभं राहणं म्हणजे निखाऱ्यावर उभं राहणं. स्टेरॉइड जास्त झालं तर असं होऊ शकतं. मी तीन दिली होती, दरवेळी वाढवून. सरांना फोन केला तर ते म्हणाले, त्यामुळंच असेल असं नाही. मला माहीत होतं ते मला सांभाळून घेत आहेत.

खुरांना गार चिखल लावला, ओली गोणपाटं बांधली, दुखण्याची औषधं दिली. तीन हडंब्यांच्या धुरळ्यातून दिवसातून दोनदा जात होते, नाकाला फडकं लावून. आता माझ्या नाकाची मला पर्वा नव्हती, आणि आता त्याचा कुणाला उपयोगही नव्हता. अकराव्या दिवशी मैना आडवी झाली. पुढं तीन दिवस उठली नाही. अंगाला जखमा पडल्या. श्वास मात्र शेवटपर्यंत स्वच्छ चालला होता, हे फार वाईट होतं.

भागीरथाबाईंनी मारोतीमामांना फोन लावून माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. पलीकडून मेंढरांचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, तिला तकलीफ नका होऊ देऊ.

मी चौथं इंजेक्शन भरलं. भागीरथाबाई मैनाचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, हे कशाचं?"

"झोपेचं."

"उठल ना?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि पदरानं तिचे डोळे पुसले. मी रडले. डॉक्टरनं रडू नये वगैरे सगळं मला ठाऊक आहे.

पंधरा दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. बाई त्याच गोठ्याला लागून असलेल्या खोलीत होत्या. कुटार दिराचं होतं, हलवणार कुठं? बोलताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी म्हणाले, जीप करते आणि तुम्हाला मामांच्या मुक्कामाला सोडते.

"जीप एक दिवस सोडल, मॅडम. दुसऱ्या दिशी वाडा हालला की मी कशावर जाऊ?"

त्याच पुढं म्हणाल्या, रागानं नाही, सहज विचारावं तसं, "घोडीला माळावर नेऊन बांधलं तर तिचा दम मोकळा झाला. मला कोण नेऊन बांधल?"

मी त्यांना हिंगोलीच्या छातीच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. त्यांनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. पिशवीत माझा पहिला कागदही होता.

तेव्हापासून मी जनावर कुठं उभं असतं ते स्वतः पाहिल्याशिवाय आराम लिहून देत नाही. त्यामुळं रिपोर्टला उशीर होतो आणि साहेब बोलतात. बोलू द्या. आता वर्ष होत आलं, दुसरी घोडी घेणं त्यांना जमलेलं नाही; मामा ह्या दिवाळीलाही मेंढरं घेऊन एकटेच निघतील. भागीरथाबाई घरीच आहेत, आणि पुढच्या आठवड्यात हडंबे सुरू होतील.