पेटीबाहेर गेलेलं प्रोटीन

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं प्रोटीन एकदाचं हललं. तोवर कॉम्प्युटरवर त्याची हालचाल घडवून बघणारं प्रत्येक सिम्युलेशन मध्येच कोसळायचं. एखादा अणू भलत्याच वेगानं उधळायचा आणि कॉम्प्युटर हात टेकायचा. यावेळी मात्र ते शेवटपर्यंत चाललं. मी उड्या मारतच त्याची फिल्म उघडली. प्रोटीनचे दोन तुकडे! सिम्युलेशनमध्ये ते पाण्यानं भरलेल्या एका पेटीत ठेवलेलं असतं; अर्धं त्या पेटीच्या डाव्या टोकाला, अर्धं उजव्या.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसायची. एमएस्सीपासून आम्ही बरोबर. ती खास कोल्हापूरची, मी जवळच्याच गडमुडशिंगी गावची. माझं तोंड बघून ती खुर्चीसकट सरकत आली.

"तुटलं गं," मी म्हणाले. "सगळं वाया गेलं."

तिनं स्क्रीन पाहिला आणि ती इतकी हसली की ओढणी खुर्चीच्या चाकात अडकली.

"येडी हाईस का? तुटलं न्हाय, फिरायला गेलंय! ह्या पेटीत उजवीकडनं जे बाहेर पडतं, ते डावीकडनं आत येतं. तुझं निम्मंच बाहेर पडलंय."

हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण आपलंच प्रोटीन दुभंगलेलं दिसल्यावर कुठलं आठवतंय! तिनं एक ओळ टाइप केली. तुकडे जुळले, आणि ते चक्क हलायला लागलं. कानाच्या पाळीसारख्या दोन पाळ्या, मधे फट. फट मिटायची, उघडायची, पुन्हा मिटायची. साखरेचा रेणू ह्याच फटीत शिरतो, हे ठाऊक होतं. तिची उघडझाप आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

आम्ही दोघी किंचाळलो. पलीकडच्या खोलीतून आमच्या गाइड मॅडम धावत आल्या. "काय पेटलं?"

त्यांना फिल्म दाखवली. एरवी त्या अतिशय कडक. त्यांनी माझीच खुर्ची ओढून घेतली.

"परत लाव."

लावली.

"अगं, परत लाव की!"

संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून कळंबा तलावावर भेळ खायला निघालो. मागं बसलेली मैत्रीण दोन्ही हात पसरून उघडझाप करत होती. एक रिक्षावाला शेजारी येऊन ओरडला, "ओ ताई, हात आत घ्या की! कुठं उडायचं हाय?"

"उडत न्हाय ओ पावणं," ती तितक्याच मोठ्यानं ओरडली, "प्रोटीन करून दावतोय!"

त्याचा चेहरा आरशात दिसला आणि मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसून हसून हँडल धरवेना.