भोपळा चिरायला घरचा माणूस

आमच्या कम्युनिटी गार्डनमध्ये भाजी बेताची आणि किस्से उदंड! सिंगापुरात टॅम्पिनीसला आमच्या ब्लॉकखाली काही मराठी घरांनी वाफे घेतले, त्याला बरीच वर्षं झाली. मी एरवी रॅफल्स प्लेसला बँकेत आकडे जुळवतो आणि शनिवारी सकाळी इथे माती उकरतो. माती उकरली की गांडुळं निघतात तसे किस्से निघतात, आणि त्यातले बहुतेक चीफचे. चीफ म्हणजे माझे शेजारी, जहाजावरून रिटायर झालेले चीफ इंजिनिअर. लोक हे किस्से हसत हसत सांगतात. मीही हसायचो. हल्ली हसू येत नाही.

*

चीफचा मुलगा निनाद कॅनडात असतो. तिथला उन्हाळा आला आला म्हणेपर्यंत संपतो. तेवढ्यात पिकणारा विंटर स्क्वॉश, म्हणजे आपल्या लाल भोपळ्याचाच थंड मुलखातला भाऊबंद, तो घरामागे लावतो. आईनं मागितल्या म्हणून त्यानं थोड्या बिया पाठवल्या. पाकिटावर ठळक छापलेलं होतं, थंड हवेसाठी, छोट्या मोसमासाठी.

शेजारच्या वाफ्यातल्या लिम आंटी वाक्याला इथलं नेहमीचं 'लाह' जोडून म्हणाल्या, "अंकल, हिअर नो विंटर, लाह!"

चीफ म्हणाले, "विंटर? बटण दाबलं की येतो!"

त्यांनी कुंड्या बेडरूममध्ये नेल्या आणि एसी सोळावर लावला. आठवडाभरानं वहिनी शाल पांघरून दार उघडायला आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, लग्नात म्हणाले होते हिलस्टेशनला नेईन. नेलं एकदाचं!"

बिया कुजल्या. भोपळ्याला उगवायला ऊबच लागते, थंड मुलखातसुद्धा. तिकडे निनादनं त्याच बियांच्या कुंड्यांखाली हीटिंग मॅट घातली होती. वडिलांना एका वाक्यात सांगता आलं असतं. पण बापलेकांचं बोलणंच नव्हतं.

*

त्याचं मूळ जुनं आहे. चीफ वर्षातले बहुतेक महिने जहाजावर असायचे. एकदा असेच बॅगा घेऊन दारात उभे राहिले, तर छोट्या निनादनं आईला विचारलं, "आई, हे काका जेवून जाणार?"

हा किस्सा चीफ स्वतःच पार्ट्यांमध्ये सांगायचे आणि सगळ्यांच्या आधी हसायचे.

पुढे ते जहाज सोडून कायमचे घरी आले, आणि त्याच वर्षी निनादनं कॅनडाची नोकरी घेतली. चीफ भडकले. "आता मी घरी आलो, तर तू निघालास?"

निनाद म्हणाला, "यू वेअर नेव्हर हिअर, बाबा. नाऊ माय टर्न, लाह."

खरं सांगतो, मला दोघांचाही राग येतो.

*

तेव्हापासून निरोप वहिनींमार्फत. निनादचा फोन आला की चीफ बाजूला पेपर धरून बसतात आणि पेपराआडून सूचना देतात. बनियनवर, घाम पुसत, कॅनडातल्या शेतीच्या! "सांग त्याला, वेलाचे शेंडे खूड म्हणावं. उशिरा आलेली फुलं काढून टाक. हिम पडायच्या आत मोजकेच भोपळे पिकव, सगळ्यांचा लोभ नको."

सल्ला अगदी बरोबर होता, हे विशेष. वहिनींनी तो शब्दन् शब्द पोचवला.

पलीकडून निनाद म्हणाला, "लांबून सल्ले द्यायची बाबांना जुनी सवय आहे. त्यांना हे सांगू नकोस, आई."

वहिनींनी नाहीच सांगितलं. फोन स्पीकरवर होता!

*

चीफनी उरलेल्या बिया खाली वाफ्यात टाकल्या. इथल्या उकाड्यात वेल कुंपणावरून पलीकडे गेला. फुलंही भरपूर आली, पण एकूण एक नर. लिम आंटी रोज वाकून बघायच्या आणि मान हलवायच्या.

"ऑल बॉईज, अंकल. नो यूज!"

वहिनी म्हणाल्या, "यांना कळायला भोपळा लावावा लागला!"

शेवटी एक मादी फूल आलं. चीफनी भल्या सकाळी रंगाच्या ब्रशनं त्यावर पराग लावले. फळमाशी बसू नये म्हणून कोवळ्या फळाला कापडी पिशवी बांधली. मुलाच्या एकाही वाढदिवसाला हजर नसलेला हा माणूस त्या भोपळ्याजवळ रोज स्टूल टाकून बसायचा.

*

भोपळा पिकला, घरी आला आणि डायनिंग टेबलावर जाऊन बसला. आमच्याकडे अख्खा भोपळा बाईनं चिरायचा नाही, पहिली सुरी घरच्या पुरुषानं मारायची, मग बाईनं फोडी करायच्या. वहिनींच्या घरी पुरुष समुद्रावर. मग त्या छोट्या निनादच्या हातात सुरी द्यायच्या आणि वरून आपला हात दाबायच्या. इतकी वर्षं त्या घरातला प्रत्येक भोपळा त्यानंच चिरला.

चीफनी जाहीर केलं, "निनाद येईल तेव्हा तोच चिरेल." स्क्वॉश महिनोन् महिने टिकतो, हा त्यांचा भरवसा.

मला घारग्यांची हाव सुटली. म्हटलं, "चीफ, मी मारतो पहिली सुरी."

"तू घरचा पुरुष आहेस का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "घरचा म्हणजे कोण, ते आधी ठरवा!"

*

निनाद आला. ऑफिसच्या कामाला आला आणि उतरला हॉटेलात. एका दुपारी आईला भेटायला म्हणून घरी आला. चीफनी मलाही बोलावलं होतं. टेबलावर पेपर अंथरलेला, भोपळा पुसून ठेवलेला, सुरीला धार लावलेली. चीफनी ती मुठीकडून मुलापुढे धरली. "मार. लहानपणी तूच चिरायचास." इतक्या वर्षांत ते त्याच्याशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

निनादनं हात पुढे केला नाही. "बिकॉज यू वेअर नॉट अराउंड, बाबा. नाऊ यू आर हिअर. यू कट, लाह."

चीफनी सुरी भोपळ्यावर टेकवली. साल टणक, सुरी घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. जन्मभर इंजिनं उघडली, भोपळा कधी चिरलाच नव्हता. त्यांनी सुरी खाली ठेवली आणि बाल्कनीकडे निघाले. निनाद दाराशी जाऊन बूट घालू लागला. मी कुठे बघावं मला कळेना.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. भोपळा स्वतःकडे ओढला, सुरीवर दोन्ही तळवे ठेवून भार दिला. एका दमात दोन भकलं झाली. त्यांनी एकदा बाल्कनीकडे बघितलं, एकदा दाराकडे.

"आता दोघंही जेवून जा."